लाल छत्री आणि माझा वाकडा कान

हसू नका मित्रांनो! माझा कान वाकडा आहे हे मला ठाऊक आहे. मी एक जुना मग आहे, पांढरा, पोटावर निळ्या रंगात एका टीव्ही वाहिनीचं चिन्ह असलेला. पण ज्या संध्याकाळी हा कान तुटला ना, तशी संध्याकाळ माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही. अहाहा! आठवली की अजून माझा काठ गरम होतो.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायोतल्या भट्टीत झाला. साच्यात पडलो, भाजलो, झिलई चढली आणि खोक्यात बसून थेट मिनेसोटाला आलो. तिथली एक छोटी वाहिनी जाहिराती दाखवत नसे, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चाले. वर्गणी पाठवणाऱ्याला आभार म्हणून आमच्यापैकी एक मग मिळे. माझे भाऊबंद कुठे कुठे गेले देव जाणे. मी गेलो आर्लिसबाई सुंडव्हाल यांच्या घरी.

आर्लिसबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. त्यांचे यजमान ऑर्व्हिल ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. सगळं गाव कॉफी पिणारं, पण शनिवारी संध्याकाळी सातला बाई माझ्यात चहा ओतायच्या, कारण तेव्हा टीव्हीवर ब्रिटिश विनोदी मालिका लागायच्या आणि त्यांत सगळे सारखा चहाच पीत असत. छप्पर पडलं तरी चहा, नोकरी गेली तरी चहा! पहिल्या दिवशी बाईंनी चहात दूधही घातलं आणि लिंबूही पिळलं. पुढे काय झालं ते मला विचारू नका. ते सगळं माझ्याच पोटात झालं.

बाईंची सर्वांत लाडकी मालिका होती एका छत्र्यांच्या दुकानाची. समुद्रकाठचं गाव, जुनं दुकान, आणि मालक मिस्टर पिंबल. या माणसाला छत्री विकायची म्हणजे जिवावर यायचं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "बाहेर ऊन पडलंय की! कशाला हवी?" काचेमागे एक लाल छत्री टांगलेली होती. गावातल्या शाळेची मास्तरीण दर भागात येऊन तीच मागायची, आणि पिंबल दर भागात नवी सबब काढायचा. खरं म्हणजे ती छत्री विकली गेली तर मास्तरीण परत यायची नाही, ही त्याची भीती. सगळ्यांना दिसायचं, फक्त मास्तरणीला नाही!

बाई घोट घेता घेता बोलत राहायच्या. "ऑर्व्हिल, आपल्याकडच्या मालिकांत शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. इथे कोणी कोणाला बोटसुद्धा लावत नाही. मग मला रडू का येतं रे?"

"ते इंग्रजी बोलतात म्हणे!" ऑर्व्हिल वर्तमानपत्राच्या मागून गुरगुरायचे. "मला तर एक अक्षर कळत नाही."

त्यांचं हे ठरलेलं होतं. कार्यक्रम सुरू झाला की पेपर वर, संपला की पेपर खाली. आणि एखाद्या चांगल्या विनोदावर तो पेपर थरथरायचा. बाईंना वाटायचं, खिडकीतून वारा येतोय. मित्रांनो, मिनेसोटातल्या बर्फात, फेब्रुवारीत खिडकी कोण उघडी ठेवतं?

पहिल्या वर्षी सहा भाग झाले आणि मालिका गायब! बाई खवळल्या. त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं, 'आमच्याकडच्या मालिकांचे चोवीस भाग असतात. उरलेले अठरा तुम्ही कुठे दडवलेत? मुकाट्याने दाखवा.' उत्तर आलं की तिकडे वर्षाला सहाच भाग करतात. बाई थक्क झाल्या. "सहा? सहा भागांत आपल्याकडे शेजाऱ्यांची ओळखसुद्धा होत नाही!" पण पुढच्या वर्षीच्या सहांची त्या चातकासारखी वाट बघू लागल्या.

असं करता करता चार वर्षं सरली. शेवटचे सहा भाग तेवढे राहिले होते. आणि वाहिनीने जाहीर केलं की शनिवारच्या ब्रिटिश मालिका कोणी बघत नाही. वर्गणी मागायला वाहिनी वर्षातून एकदा थेट कार्यक्रम करी; त्या संध्याकाळी सात ते नऊ या वेळात निदान शंभर प्रेक्षकांचे फोन आले नाहीत, तर ते सहा भाग आणायचेच नाहीत. त्या जागी बर्फाला भोक पाडून मासे पकडण्याचा कार्यक्रम!

"बरं झालं," ऑर्व्हिल म्हणाले. मासेमारीवर त्यांचा जीव होता.

 त्या संध्याकाळी बाईंनी चर्चला जायचा निळा झगा चढवला, मला रुमालात गुंडाळलं आणि फोन घ्यायला स्वयंसेवक म्हणून स्टुडिओत गेल्या.

काय तो थाट! डोळे दिपवणारे दिवे, दोन लांब टेबलं, बारा फोन, आणि समोर आकडे बदलायचा मोठा फलक. मी बाईंच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या थेट नजरेत. मला तर वाटलं, साऱ्या राज्यात आज माझंच कौतुक चाललंय. पण साडेसात झाले, आठ झाले, सव्वाआठ झाले, आणि फलकावर एकेचाळीस. फोन मुके बसलेले. निवेदक ग्रेडी, एक तरणा मुलगा, हसून हसून थकला. बाईंची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली. त्या हळूच म्हणाल्या, "गेली रे छत्री."

तेवढ्यात बाईंचाच फोन खणाणला!

"हॅलो," पलीकडून दबका आवाज आला. "मी एक प्रेक्षक बोलतोय. नाव सांगणार नाही."

"ऑर्व्हिल?"

"कोण ऑर्व्हिल? हे बघा बाई, माझा एक फोन धरा. मास्तरणीला ती छत्री मिळते की नाही, तेवढं मला कळायला हवं. आणि तो पिंबल एवढा गाढव कसा? सरळ सांगून का टाकत नाही तिला?"

"तुला तर त्यांचं एक अक्षर कळत नाही ना?"

"चार वर्षं झाली, आर्लिस. कळायला लागतं हळूहळू." मग घाईघाईने, "कोणाला बोलू नकोस हं!" आणि फोन ठेवला.

बाई तशाच बसून राहिल्या, डोळे भरलेले, ओठांवर हसू. ग्रेडी माइक घेऊन धावला. "बाई, कोणाचा फोन?"

बाईंनी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. "एका गृहस्थांचा. नाव सांगायची बंदी आहे. त्यांना हा कार्यक्रम मुळीच आवडत नाही. चार वर्षं ते पेपरच्या मागून तो फक्त बघतायत. तुमच्या घरात असा कोणी आहे का हो? असेल तर त्याला म्हणावं, पेपर खाली ठेव आणि फोन उचल."

 मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग बाराच्या बारा! अरे देवा, काय तो गलका! आणि जो तो म्हणतोय, "माझं नाव लिहू नका, पण..." एक न्हावी. एक पाद्री. एकाने तर सांगितलं, "बायको तळघरात गेलीय, पटकन लिहून घ्या!" आणि पुढच्याच फोनवर एक बाई म्हणाली, "मी तळघरातून बोलतेय, यांना कळता कामा नये." साठ, ऐंशी, पंचाण्णव... नवाला दहा कमी असताना शंभर झाले! बाई आनंदाने ताडकन उठल्या, कोपर मला लागलं, मी जमिनीवर आणि माझा कान टेबलाखाली. सगळ्या राज्याने बघितलं. पण खरं सांगू? मला दुखलंच नाही.

घरी आलो तेव्हा ऑर्व्हिल खुर्चीत, पेपर वर.

"किती आले फोन?"

"दोनशे बारा."

"हं," पेपर म्हणाला. "तितकं काही वाईट नाही." ऑर्व्हिलच्या तोंडून याहून मोठी स्तुती कोणी ऐकलेली नव्हती. मग ते उठले, ट्रॅक्टरच्या कामाचा डिंक आणला आणि माझा कान जोडायला बसले. जोडताना सारं लक्ष बोलण्यात. "ती मास्तरीण दुसऱ्या दुकानात का जात नाही? तिलाही माहीत असणार, आर्लिस. नक्की माहीत असणार." म्हणून मी हा असा वाकडा.

आता मी म्हातारा झालो. चहासाठी नवे मग आले, माझ्यात पेन्सिली असतात. धूळ बसते, कधी कधी महिनोन् महिने कोणी पुसत नाही. मातीच्या वस्तू जपून वापरा मित्रांनो, एवढं तर मी सांगेनच. पण त्याहून जास्त एक सांगायचंय. जे आवडतं ते आवडतं म्हणून मोठ्याने सांगा. वेळेवर सांगा. नाहीतर तुमची छत्री जाईल आणि तिथे मासे येतील.

मिळाली का ती छत्री? मिळाली तर! शेवटच्या भागात स्वच्छ ऊन पडलं होतं. पिंबलने ती काचेमागून काढली, दुकानातच उघडली आणि मास्तरणीच्या डोक्यावर धरली. मिठी नाही, बोटसुद्धा लागलं नाही. दोघं नुसती छत्रीखाली उभी राहिली. बाईंनी माझ्यातला चहा टेबलावर सांडेपर्यंत रडून घेतलं.

ऑर्व्हिलनी पेपर खाली घेतला. त्यांचेही डोळे लाल होते, आणि त्या दिवशी त्यांनी ते पेपरमागे लपवले नाहीत. त्यांनी त्या पेपरची नीट घडी घातली, मला उचललं, आणि टेबल खराब होऊ नये म्हणून ती घडी माझ्याखाली सरकवली.