गळ्याचं माप आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, कपड्यांची मापं घेणारी. माझे आकडे पुसट झालेत, पण खोटे झालेले नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्यावर नाही तो आळ आला आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

कारखान्यात माझ्यावर इंच छापले, टोकांना पितळेचे पत्रे ठोकले आणि मी आमच्या टेलरबाईंच्या गळ्यात येऊन पडले. पंधरा वर्षं तिथेच लटकले. बाईंच्या हाताला काय वेग होता! "बाईंचं माप कधी चुकत नाही," असं गिऱ्हाईकं म्हणायची. माप घ्यायचे मी आणि नाव व्हायचं बाईंचं. असो.

मग बाई मंदावल्या. मशीनवर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागल्या. गिऱ्हाईकं पंखा लावा म्हणायची, तेव्हा यांच्या अंगात स्वेटर. गळालेले केस माझ्यात अडकायचे. एकदा तर दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

"बसून बसून अंग सुटलंय तुझं. जरा हालचाल कर," नवरा म्हणाला.

"वय झालं, दुसरं काय!" नणंद म्हणाली. चव्वेचाळीस हे काय वय झालं?

बाई दरवर्षी स्वतःसाठी उभ्या कॉलरचा शर्ट शिवायच्या. वहीत गळ्याचं माप होतं तेरा इंच. त्याच मापाने शिवला, तर वरचं बटण लागेना. बाईंनी मला गळ्याभोवती गुंडाळलं. मी खरं ते सांगितलं, साडेचौदा.

"मेली ही टेप ताणली गेलीय!" असं म्हणून त्यांनी मला ड्रॉवरमध्ये भिरकावलं.

अहो, टेप ताणली की तिचे इंच लांब होतात. मग आकडा कमी येतो, जास्त कसा येईल? एवढं शिवणकाम केलेल्या बाईंना हे कळू नये? नवी टेप आणली. तिनेही साडेचौदाच दाखवले. तर बाई म्हणतात, "हल्ली टेपाच धड येत नाहीत." बटण पुढे सरकवलं आणि झाल्या मोकळ्या! मला हात असते तर कपाळावर मारून घेतले असते. असे आठ महिने वाया गेले.

शेवटी एक नर्स गणवेश शिवायला आली. मी अर्धवट उघड्या ड्रॉवरमधून बघत होते. माप देता देता ती थबकली.

"बाई, मान जरा वर करा. आता घोटभर पाणी प्या बघू."

पाणी गिळताना गळ्यावरचा फुगवटा वर-खाली झाला.

"हे कधीपासून आहे?"

"छे हो, टेपच खराब होती. तेराचे साडेचौदा दाखवायची."

"आणि ही नवी?"

"तीही..." बाईंचा हात गळ्याकडे गेला.

"थायरॉइड असू शकतं. उद्याच रक्त तपासून घ्या."

"थकवा आला म्हणून कुणी रक्त काढतं का?" नवरा आतून म्हणाला.

"काढतात. आणि तुम्हीच घेऊन जायचं यांना," नर्सने सुनावलं.

तपासणीत कळलं, थायरॉइडचं काम मंदावलं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीही केली. आता बाई रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात, ठरल्या वेळी पुन्हा रक्त तपासतात. मशीन पुन्हा खडखडायला लागलंय. सूज हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणालेत.

माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. चिंध्यांचं गाठोडं बांधायला घेतलंय मला.

मित्रांनो, घरातलं कुणी सारखं थकत असेल, थंडीने कुडकुडत असेल, गळा सुजलेला दिसत असेल, तर त्याला आळशी म्हणून मोकळे होऊ नका. डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि आमच्या दुकानात आलात, तर माझं एक काम करा. हे गाठोडं सोडा आणि बाईंना सांगा, मला एकदा गळ्याभोवती गुंडाळा. आकडा किती उतरलाय, ते मला बघायचंय.