लग्नाच्या दिवशीचा पेपर

लॉ कॉलेजच्या फाटकावर वॉचमनने तिघींना अडवलं आणि दीक्षाकडे बोट करून विचारलं, "ॲडमिशन हिची ना? मग पालकांनी पलीकडच्या खिडकीवर चौकशी करा."

"तिची न्हाय," जाईबाई म्हणाली. "ही माझी सून. हिला वकील व्हायचाय."

वॉचमनने संघरत्नाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर पांढरी बट आलेली बाई. आता हा हसणार, असं तिला वाटलं. पण त्याने फाटक उघडलं. "वर्ग चालू आहेत, आवाज करू नका," एवढंच म्हणाला.

आज भिवंडीहून ठाण्याला यायचं, हे दीक्षाने ठरवलं होतं. ती गोदामाच्या ऑफिसात कामाला, आणि आईच्या अभ्यासाची सगळी आखणी तिचीच. संघरत्ना म्हणत होती, आधी प्रवेशपरीक्षा तर पार पडू दे, बाजारात तुरी आणि कॉलेज कसलं बघायचं? दीक्षा ऐकेना. "आई, कुठे बसायचंय ते डोळ्यांनी बघ, म्हणजे अभ्यासात जीव लागेल. आणि सुट्टीत जाऊन नुसत्या भिंती दिसतात. वर्ग भरलेले असताना जायचं." जाईबाईचे डोळे त्याच दिवशी ठाण्याला दाखवायचे होते, म्हणून तीही बरोबर. सुनेच्या या वेडाबद्दल तोवर ती हूं की चूं बोलली नव्हती.

संघरत्ना निजामपुऱ्यातल्या एका दवाखान्यात आया होती. नवरा धम्मपाल कापडाचे लूम दुरुस्त करायचा. लग्नानंतर तिने बारावी केली, मग मुक्त विद्यापीठातून बी. ए. वकिलीचं मनाने घेतलं ते वॉर्डात. भाजलेली एक बाई आली होती. हवालदाराने जबाब लिहून अंगठा मागितला, तेव्हा संघरत्ना सहज बोलून गेली, "तिला एकदा वाचून तर दाखवा." ऐकून ती बाई कण्हत म्हणाली, "स्टो फुटला असं मी कुठं बोलले?" जबाब पुन्हा लिहिला गेला. बाई वाचली, घरी गेली. संघरत्नाच्या डोक्यातून मात्र तो अंगठा जाईना.

कॉलेजातल्या एका वर्गाच्या दारात तिघी घुटमळल्या, तेव्हा शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना पाहिलं आणि मागच्या बाकाकडे हात केला. अटक करताना माणसाला कारण सांगावं लागतं, असं काही चाललं होतं. संघरत्नाला बरंच कळलं, काही डोक्यावरून गेलं. जाईबाई आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसली होती, पदर सावरून, पाठ ताठ. मध्येच तिने सुनेला कोपराने ढोसलं. "तो बघ टकल्या. तुझ्यापेक्षा म्हातारा हाय."

बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

"उन्हाळ्यात, आई."

"मंग सकालचा पाणी मी भरीन. तू वाच."

त्या दिवसापासून घर पहाटेच जागं होऊ लागलं. गल्लीतल्या लूमचा खडखडाट चालू असायचाच. त्यातच संघरत्ना कायद्याचे प्रश्न सोडवायची. पेपर कॉम्प्युटरवर, म्हणून सरावही दीक्षाच्या लॅपटॉपवर. उत्तर येत असायचं, पण माऊस हातात धरला की बाण भलतीकडेच पळायचा आणि वेळ संपून जायची. एकदा तिने लॅपटॉप मिटला. "नाय जमत मला." धम्मपाल ड्युटीवरून नुकताच आला होता. हात पुसत म्हणाला, "पयल्यांदा लूम चालवायला घेतला तेव्हा मी दिवसभर धागेच तोडत होतो. उघड तो." तिने उघडला.

आणि नेमकी परीक्षेची तारीख आली ती जीवनच्या लग्नाच्या दिवशीची. जीवन म्हणजे नणंदेचा, चंद्राचा मुलगा, लग्न खारबावला. तारीख कळताच चंद्रा तडक भिवंडीला आली.

"वहिनी, मामीच जाग्यावर न्हाय तर लोक काय म्हणतील? परीक्षा पुढच्या वर्साला येल. माझ्या पोराचा लगीन येनार हाय का?"

जीवनला संघरत्नाने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. "ताई, मी..." म्हणून ती थांबली.

"ती पेपराला जाईल," आतून जाईबाई म्हणाली. "मी स्वोता बघून आलेय ती जागा. तितं हिच्यासाठी बाक हाय." चंद्रा चहा न घेताच उठली.

लग्नाच्या दिवशी घरचे सगळे खारबावला गेले, संघरत्ना एकटी ठाण्याला. अंगावर सोनंनाणं नको अशी केंद्राची सूचना होती, म्हणून दागिने घरीच ठेवले होते. पडद्यावर पहिला प्रश्न उमटला तेव्हा खारबावला लग्नाची बुद्धवंदना सुरू झाली असेल, असं तिच्या मनात आलं. मग तिने माऊस धरला. बाण जागच्या जागी राहिला. वेळ संपली तेव्हा तिचा एकही प्रश्न बघायचा राहिला नव्हता.

खारबावला पोचली तेव्हा मंडपात पंगती उठत होत्या. धम्मपालने लांबूनच हात वर करून पेपराचं विचारलं. तिने मान डोलावली आणि त्याचं तोंड फुललं. स्टेजवर नवरानवरी अजून उभेच होते. जीवन म्हणाला, "मामी, आई फोटो काढूनच देत नाय. म्हणते, वहिनी येऊ दे."

चंद्रा समोर आली. डोळ्यांत राग होता, आणि पाणीही. सुनी मान, सुने कान, चुरगळलेली सुती साडी बघून तिने स्वतःच्या गळ्यातला हार काढायला घेतला. "ये, घाल. फोटोत बरा दिसत न्हाय."

"ऱ्हाऊ दे," जाईबाईने तिचा हात धरला. "पेपराला बसली, तशीच उभी ऱ्हाऊ दे."

चंद्राने हार सोडला आणि वहिनीला ओढून नवरीशेजारी उभं केलं.

निकाल लागला. संघरत्नाला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. आता दवाखान्यातून ती परस्पर ठाण्याला जाते.

तो फोटो जाईबाईने बाहेरच्या खोलीत लावून घेतलाय. भरजरी साड्यांच्या आणि दागिन्यांच्या गर्दीत एकच बाई बिनदागिन्यांची, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. नवीन आलेला पाहुणा हमखास विचारतो, "ही कोन? लग्नात अशी का उभी?"

जाईबाई आधी त्याला पाणी देते. मग पदर सावरते आणि समोर मांडी घालून बसते.