तांदूळ-मिठाची पहिली खेप

मी एक जुनी टोपली आहे. मित्रांनो, टोपली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फुलांची किंवा भाकरीची टोपली आली असेल. मी तशी नाही. मी चांगली कंबरेएवढी उंच आहे, खाली निमुळती, वर रुंद, बांबूच्या कामट्यांची आणि वेताची. मला एक वेताचाच पट्टा आहे. पट्टा कपाळावर घ्यायचा आणि मला पाठीवर, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्या बागियो या डोंगरातल्या शहरात हात मोकळे असावेच लागतात, कारण इथे रस्त्यांपेक्षा पायऱ्या जास्त. एकाच्या छपराला दुसऱ्याचे अंगण टेकलेले. इथे मला कायाबांग म्हणतात.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने विणले. विणून झाल्यावर त्याने मला महिनाभर चुलीवर, धुरात टांगून ठेवले. तेव्हा मला त्याचा फार राग आला. पुढे कळले, की त्या धुरामुळेच मला आजवर कीड लागली नाही. मोठी माणसे कधी कधी न सांगता आपले भले करतात, हे मी तेव्हा शिकले. न सांगता ती आणखीही काही करतात, हे कळायला मात्र चाळीस वर्षे जावी लागली.

फेलिसाने मला घेतले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कापांगान या डोंगरातल्या गावाहून ती नुकतीच शहरात आली होती आणि बाजारात ओझी वाहू लागली होती. कोबी, गाजरे, बटाटे. गाडीपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून डोंगरावरच्या घरांपर्यंत. पुढे तिचे लग्न झाले, नवरा लवकर गेला, आणि सहा महिन्यांची नोरालिन आमच्या वाट्याला आली. मी ‘आमच्या’ म्हणते, कारण त्या मुलीला मीही वाढवले आहे. कोबीच्या गड्ड्यांवर दुपटे अंथरून फेलिसा तिला माझ्यात ठेवी. ती माझ्या कामट्या चोखत झोपून जाई.

फेलिसाचे कपाळ म्हणजे तराजू होता. व्यापारी मुद्दाम तिची परीक्षा घेत.

“मनांग, सांग बघू किती झालं?” एक जण विचारी. मनांग म्हणजे ताई.

“साडेबावीस किलो,” ती म्हणे. “त्यातलं एक किलो तू कोबीवर शिंपडलेलं पाणी. ते घरी घेऊन जा, भांडी घासायला होईल.”

सगळा बाजार हसे. वजन करून पाहिले, तर साडेबावीस!

पण तिचे खरे नाव झाले ते दुसऱ्या कामामुळे. आमच्या डोंगरावर कुणाला घर बदलायचे असले, की लोक आधी फेलिसाला बोलावत. दारापर्यंत गाडी येतच नाही. सगळे सामान पायऱ्यांवरून माणसांनीच न्यायचे. आठवडाभर आधी फेलिसा नव्या घरापर्यंत चढून जाई आणि ओझे टेकवायला जागा कुठे कुठे आहे ते बघून ठेवी. दोरीला गाठी मारून ती जिन्याचे वळण मोजी आणि मग तीच दोरी कपाटाला लावून पाही. जड सामान पहाटे, पाय ताजे असताना. आरसा पांघरुणात गुंडाळून, तोंड आपल्या छातीकडे करून. पावसाळा असेल तर सगळे बाराच्या आत, कारण दोन वाजता पाऊस येतो म्हणजे येतोच.

आणि या सगळ्याच्या आधी तांदूळ आणि मीठ! नव्या घरात पहिले पाऊल तांदूळ-मिठाचे पडावे, म्हणजे त्या घराला कधी उणे पडत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. ती पहिली खेप फेलिसाच्या पाठीवरून, माझ्यातून जाई. किती घरांत मी अशी सगळ्यांच्या आधी शिरले आहे! मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

त्याच कमाईवर नोरालिन शिकली, शाळेत मास्तरीण झाली. तिचे रोमेलशी लग्न झाले, जोएला झाली. फेलिसाचे गुडघे थकले आणि मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेले. आधी माझ्यात कांदे ठेवत. नंतर ओल्या छत्र्या ठेवू लागले. मित्रांनो, ओल्या छत्रीने वेत कुजतो. पण मी तक्रार केली नाही. फेलिसा रोज येता-जाता माझ्या काठावर हात फिरवी, तेवढे मला पुरे होते.

मग एक दिवस घरमालकाने सांगितले, की घर पाडून नवे बांधायचे आहे; तुम्ही दुसरी जागा बघा. जागा मिळाली पलीकडच्या डोंगरावर, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. फेलिसा एकदम दहा वर्षांनी तरुण झाली. छत्र्या काढून तिने मला उन्हात ठेवले, ओल्या फडक्याने पुसले आणि दहा वर्षांच्या जोएलाला वही घेऊन समोर बसवले.

“लिही. पहिली खेप, तांदूळ आणि मीठ. नेणार कोण? मी.”

“लोला, चौथा मजला आहे! लिफ्टसुद्धा नाही.” जोएला आजीला लोला म्हणते.

“मग तांदूळ काय लिफ्टची वाट बघत बसणार? लिही. दुसरी खेप, कपाट. वळणातून उभं जाणार नाही. पाय काढायचे, आडवं करायचं, आणि तुझ्या बाबांना खालच्या बाजूला ठेवायचं.”

“खालीच का?”

“सगळ्यात जास्त तोच खातो ना!”

जोएला खदखदून हसली. मग तिने विचारले, “आणि तुझा पलंग?”

“सगळ्यात शेवटी. तिथं खिडकीपाशी लावू. मला सकाळचं धुकं बघायला आवडतं. काय गं नोरालिन, खिडकीपाशी जागा आहे ना?”

नोरालिन चुलीपाशी पाठ करून उभी होती. “बघू, नानांग,” ती म्हणाली. नानांग म्हणजे आई.

त्या ‘बघू’चा अर्थ मला रविवारी कळला. फेलिसा नातीला घेऊन चर्चमध्ये गेली होती. नोरालिन बशा कागदात गुंडाळत होती.

“आता तरी तिला सांगायला हवं,” ती म्हणाली. “मामानं खोली तयार ठेवली आहे. तिचे कपडे कापांगानला जाणार, ती जाणार, आणि तिलाच पत्ता नाही.”

“आत्ता सांगू नकोस,” रोमेल म्हणाला. “ती रुसून बसली, तर ते कपाट वळणातून कोण काढणार? माझे काका? सामान हलू दे. त्या दिवशी दोन जीप आणू, तिला मागच्या जीपमध्ये बसवून देऊ. मग फोनवर समजावता येईल.”

“बरोबर दिसत नाही ते.”

“मग चार मजले रोज तू तिला पाठीवर घेऊन चढणार आहेस का?”

नोरालिनने पुढची बशी घेतली आणि गुंडाळली.

मित्रांनो, गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला चार जिने झेपणार नाहीत, हे काही खोटे नव्हते. पण कारण म्हणून जिने पुढे करायचे आणि तोवर तिची अक्कल मात्र वापरून घ्यायची, हे मला सहन होईना. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, आपल्याला तोंड असायला हवे होते. फेलिसा चर्चमधून परत आली, माझ्या काठावर हात फिरवला, आणि मी नुसती उभी राहिले. तिचे मीठ मीही खाल्ले आहे. मलाही आपण तिला फसवल्यासारखे वाटले.

निघायचा दिवस उजाडला. फेलिसाने पहाटेच माझ्यात बादलीभर तांदूळ भरले, वर मिठाची पिशवी ठेवली, फडके बांधले आणि ती कपाटाचे पाय काढायला आत गेली. तेवढ्यात नोरालिन आली. तिने भराभर तांदूळ प्लास्टिकच्या बादलीत ओतले. माझ्यात तिने आईचे कपडे, लोकरीची शाल आणि औषधांचा डबा भरला. वर तेच फडके, तशीच गाठ. ज्या मुलीला मी माझ्यात निजवले, तिने मला खोटे बोलायला लावले. माझ्या साऱ्या आयुष्यात इतके जड ओझे मी वाहिलेले नाही.

कपाट वळणातून फेलिसाने सांगितल्याप्रमाणे अलगद निघाले. शेजारी टाळ्या वाजवत होते. पायऱ्यांच्या तळाशी, रस्त्यावर दोन जीप उभ्या होत्या. मला नोरालिनने आधीच तिथे आणून ठेवले होते. रोमेल लगबगीने आला.

“नानांग, तुम्ही मागच्या जीपमध्ये बसा. टोपली मी ठेवतो.”

“पहिली खेप दुसऱ्याच्या हाती देत नाहीत,” फेलिसा म्हणाली. तिने पट्टा कपाळावर घेतला आणि मला उचलले. एक पाऊल टाकले. थांबली.

“हे तांदूळ नाहीत,” ती म्हणाली.

रोमेलने पुढे केलेला हात मागे घेतला.

“तांदूळ बसतो. हे हलतंय. अकरा किलोसुद्धा नाही.” तिने मला खाली ठेवले, पण फडके सोडले नाही. मागच्या जीपच्या चालकाकडे वळून तिने विचारले, “बाबा, ही जीप कुठं चालली आहे?”

“कापांगानला,” तो बिचारा सरळ म्हणाला. “तुम्हीच ना ते पाहुणे?”

फेलिसा पायरीवर बसली. “कधी ठरलं?”

“नानांग, तुझे गुडघे...” नोरालिनने सुरुवात केली.

“गुडघ्यांचं मी विचारलं नाही. कधी ठरलं?”

“महिना झाला.”

“म्हणजे यादी करायच्या आधी.” फेलिसाने आपल्या हातांकडे पाहिले. “मी तुमचं घर हलवत होते, आणि तुम्ही मला.”

जोएला रडायला लागली. “लोला, मला माहीत नव्हतं गं. शप्पथ!”

“तुला माहीत असतं, तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तू अजून कच्ची आहेस. तशीच राहा.”

मग ती उठली. माझ्यातले कपडे तिने आपल्या हाताने काढले आणि मागच्या जीपच्या बाकावर नीट घडी करून ठेवले. “तांदूळ कुठं आहेत?” तिने विचारले. रोमेलने मान खाली घालून बादली आणली. तांदूळ पुन्हा माझ्यात आले, मीठ आले. फेलिसाने मला उचलून पाहिले आणि म्हणाली, “आता बरोबर.” ती पुढच्या जीपमध्ये बसली; मागची जीप आमच्या मागे निघाली.

नव्या इमारतीचे चार मजले ती तीन ठिकाणी टेकत चढली. तिचे गुडघे कटकट वाजत होते. पाठीला लागून असल्यामुळे मला ते ऐकू येत होते. दुसऱ्या मजल्यावर नोरालिन म्हणाली, “दे ना, मी घेते.”

“तुला नाही जमायचं. तुझा दोष नाही. मी तुला हे शिकवलंच नाही; शाळेत पाठवलं.”

रिकाम्या घरात सगळ्यांत आधी आम्ही दोघी शिरलो. तिने ओट्यावर तांदूळ ठेवले, मीठ ठेवले, हात जोडले. खोट्या घराला खरा आशीर्वाद देताना मी कुणाला पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

नोरालिन दारातच ओक्साबोक्शी रडत होती. “नानांग, नको जाऊस. राहा. पलंग लावू आपण, कुठंही लावू.”

फेलिसाने तिचे डोळे पुसले. “आज राहिले, तर उद्यापासून रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसेन, की आता माझं काय ठरलंय. असं नाही जगता येत गं. महिन्यापूर्वी सांगितलं असतंस, तर भांडले असते, रडले असते, आणि मग आपल्या पायांनी गेले असते. येत जा भेटायला.”

मला वाटले, ती आता मला उचलेल. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे दुखत असूनही बसली. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, “बाई गं, तुला मी नेत नाही. तिथं वाहायला काही नाही, आणि माझ्या भावाच्या घरात उंदीर फार आहेत. महिन्यात तुझा भुगा करतील. तू इथं राहा. वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं, तर माझ्यावर राग धर.”

मग ती गेली.

आज मी त्या घरात दारामागे असते. जोएला माझ्यात ओल्या छत्र्या ठेवू देत नाही. नोरालिन माझ्याकडे बघायचे टाळते. मला वाईट वाटते, खूप वाटते. पण फेलिसाचा राग मला कधी आला नाही.

मित्रांनो, घरे बदलावी लागतात. डोंगरावरची घरे लहान असतात, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना बरोबर नेता येत नाही. ज्याला मागे ठेवायचे आहे, त्याला आधी सांगा. त्याच्यासमोर बसा आणि सांगा. त्याला रडू द्या, भांडू द्या. फेलिसाने एका टोपलीला सांगितले. तुमच्या घरात तर माणसे आहेत.