पाच नंबरचा वूड

आम्रपालीने पार्सल उघडलं. नवा कोरा पाच नंबरचा वूड, म्हणजे गोल्फची मोठ्या डोक्याची काठी, चकचकीत निळं डोकं, सगळं दिसायला झकास. पण जरा हलवला की आतून खुळखुळ वाजायचं. तिने तो कानाशी नेला, पुन्हा हलवला. पुन्हा खुळखुळ.

"परत पाठव गो," बांगडे साफ करता करता सासूबाई म्हणाल्या. "नवी वस्तू अशी वाजते होय?"

परत पाठवायला वेळ कुठे होता? सामना पुढच्या रविवारी. जुना वूड गेल्याच महिन्यात मानेतून तुटला होता आणि चांगल्या कंपनीचा घेण्याची ऐपत नव्हती. खूप शोधून, शंभर लोकांचे अनुभव वाचून तिने हा स्वस्तातला मागवला होता. "किमतीच्या मानाने उत्तम," असं प्रत्येकाने लिहिलेलं. या खुळखुळण्याबद्दल मेल्यांनी एका अक्षरानेही लिहिलं नव्हतं.

आता गोल्फ आणि रत्नागिरी यांचा संबंध काय, असं कोणीही विचारेल, आणि विचारावंच. आम्रपाली सकपाळ ज्या पतसंस्थेत नोकरीला होती, तिचे नवे चेअरमन हे खूळ मुंबईहून घेऊन आले. पतसंस्थांच्या स्पर्धेत आपलाही संघ हवा, म्हणाले. संघात एक बाई हवीच, तसा नियम आहे, म्हणाले. आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की जिची निवड होईल तिची बदली मुख्य शाखेत, रत्नागिरीला. कारण सराव इथेच व्हायचा. बाकीच्या बहुतेक बायकांनी ते हसण्यावारी नेलं. आम्रपालीला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

कारण ती मंडणगडच्या शाखेत, नवरा सम्यक मुंबईला, आणि पहिलीतली दीक्षा रत्नागिरीत जाईबाईंजवळ, म्हणजे सासूजवळ. शनिवारी कामावरून सुटायचं, एसटीत बसायचं, डोंगर उतरत-चढत घरी पोचेपर्यंत पोर पेंगुळलेली. सोमवारी पहाटे पोर झोपलेली असतानाच निघायचं. मधला एक रविवार, तोही धुण्यात आणि बाजारात जायचा. मुख्य शाखेत येण्यासाठी तिने किती अर्ज केले, किती साहेबांना भेटली. सगळे म्हणायचे, बघू. या चेअरमनचं खूळ हाच काय तो रस्ता उरला होता, आणि तो हातचा जाऊ द्यायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

शिकवायला विठूकाका भेटले. विठू नार्वेकर, आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेला माणूस. कुठल्या कुठल्या बंदरांत गोल्फ शिकून आलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या सड्यावर चार टाळकी जमवली आणि खेळ सुरू केला. सडा म्हणजे नुसता कातळ. हिरवळ औषधालाही नाही. जांभ्या दगडावर उन्हात करपलेलं गवत, तेही जागोजागी विरळ.

अशा जागी महागडी काठी कोण आणेल? सगळ्यांकडे स्वस्तातलेच वूड. जमिनीवर पडलेला चेंडू लांब मारायचा तर हाच लागतो, आणि तोच सगळ्यात नाजूक. डोकं आतून पोकळ, पत्रा पातळ. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या सागरच्या वूडचं डोकं दुसऱ्याच फटक्याला उडून काजूच्या बागेत गेलं, ते आजतागायत मिळालेलं नाही. धाकूमास्तरांच्या वूडचा रंग पोपडे सुटल्यासारखा निघाला. पण त्याच मास्तरांचा चेंडू असा सरळ जायचा की ते आपला वूड कोणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. रविवारी खेळ कमी आणि या वूडांच्या कागाळ्याच जास्त चालायच्या.

म्हणून सड्यावर एक रीत पडून गेली होती. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर टाकून दिलेल्या जाळ्याचा जाडसर तुकडा प्रत्येकाच्या खिशात. चेंडू कातळावर पडला की उचलायचा, जाळं अंथरायचं, त्यावर चेंडू ठेवायचा, मग मारायचा. कातळावर थेट मारला तर वूडचे तीन तेरा वाजणार, हे कोणी कोणाला सांगायला लागत नव्हतं. आम्रपालीचा हात तर आता न बघता चेंडूकडे जायचा.

काकांनी नवा वूड हातात घेतला, हलवला, मानेवरून अंगठा फिरवला.

"आतला गोंद सुटलाय थोडा," ते म्हणाले. "डोकं जाणार नाही, बाय. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे हो काका?"

"अगो, बहुतेक म्हणजे बहुतेक! मी काय त्याच्या पोटात शिरून बघितलंय?"

झालं. त्या एका शब्दाने तिचा आठवडा खाल्ला. मंडणगडला भाड्याच्या खोलीत आल्या आल्या ती आधी वूड काढून बघायची. मानेपाशी केसाएवढी रेघ होती. कालही होती का? वाढली तर नाही? नख फिरवून बघायची, मग दिव्याखाली धरून बघायची. शाळेच्या मैदानावर सराव करायला गेली तर पूर्ण ताकदीने मारायची हिंमत होईना. मोडला तर सामन्यात काय घेऊन उभी राहणार? आणि सराव नाही केला तरी हरणारच. कुठूनही विचार केला तरी बदली हातची जाताना दिसायची. शाखेत पैसे मोजताना दोनदा चुकली, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" घरी असते तर ठीक असतं हो, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

निवडीचा सामना खाडीपलीकडच्या एका कारखान्याच्या कॉलनीतल्या मैदानावर होता. खरी हिरवळ, पाणी मारलेली. आम्रपालीने पाय ठेवला आणि तिला चपला काढाव्याशा वाटल्या. शेवटच्या फेरीत दोघीच उरल्या होत्या, ती आणि हर्णे शाखेची अक्षया. अक्षया वयाने लहान, स्वभावाने गोड, आणि तिचंही सासर रत्नागिरीतच. तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही, असं आम्रपालीने स्वतःला बजावलं, तरी थोडं वाटलंच.

पुण्याहून आलेल्या पंचांनी सुरुवातीलाच सांगितलं, "चेंडू पडेल तिथूनच मारायचा. हात लावायचा नाही. लावलात आणि जागा बदलून मारलात, तर दोन फटके जादा धरले जातील. दोघींनी एकमेकींचे फटके लिहायचे आणि शेवटी आपापल्या कार्डावर सही करायची. जिचे फटके कमी, तिची निवड."

आम्रपालीने मान डोलावली. तिचं अर्धं लक्ष पिशवीतल्या वूडकडे होतं.

आणि काय सांगावं, तो वूड असा चालला की बस! खुळखुळायचा, पण चेंडू कसा सुरेख उचलायचा. पहिल्या फटक्याला तिने डोळे जवळजवळ मिटून घेतले होते. उघडले तर चेंडू दूर हिरवळीच्या मधोमध पडलेला. तरी प्रत्येक फटक्यानंतर ती मान तपासायची. रेघ होती तेवढीच होती. अक्षया म्हणाली, "ताई, कुठल्या कंपनीचा हो? मलाही मागवायचाय." आम्रपालीला हसू आलं, आठवड्यात पहिल्यांदाच.

शेवटच्या होलवर, म्हणजे शेवटच्या खड्ड्याकडे जायच्या टप्प्यावर, आल्या तेव्हा ती एका फटक्याने पुढे होती. होल लांबलचक. अक्षयाचा चेंडू भरकटून करवंदीच्या जाळीत गेला आणि ती शोधायला आत शिरली. पंच आणि चेअरमन पार पुढे, खड्ड्यावरच्या झेंड्यापाशी. आम्रपाली आपल्या चेंडूपाशी आली आणि थबकली. तेवढ्याच जागी गवत मेलेलं आणि खालचा जांभा उघडा पडलेला. चेंडू नेमका दगडावर.

इथून मारला तर डोकं गेलंच. मानेतून तुटणार, चेंडू चार हात जाणार, आणि सोमवारी पहाटेची मंडणगड गाडी. डोळ्यांसमोर तेवढंच. तिने वाकून चेंडू उचलला, वीतभर बाजूला गवताच्या झुबक्यावर ठेवला, पाय रोवले आणि मारला. फटका असा बसला, असा बसला की विठूकाका असते तर त्यांनी टोपी उडवली असती. चेंडू थेट झेंड्याच्या जवळ.

पिशवी खांद्याला लावून ती चालू लागली. थोडं अंतर गेली, आणि तिचे पाय थांबले.

अगं बाई! उचलला की मी चेंडू!

तिने मागे पाहिलं. अक्षया अजून जाळीत, फक्त पाठ दिसत होती. पुढे पाहिलं. पंच चेअरमनशी बोलत उभे, तोंड भलतीकडे. कोणी म्हणजे कोणी पाहिलं नव्हतं. वीतभर तर सरकवला, ती स्वतःशी म्हणाली. मुद्दाम थोडाच केला, सवयीने झालं. सड्यावर सगळेच करतात. आणि वीतभराने काय फरक पडतो? दोन फटके? वीतभराला दोन फटके, हा कुठला न्याय? मग दीक्षाचा चेहरा समोर आला, आणि ती भराभर चालायलाच लागली, जणू थांबली तर तोंडातून निघून जाईल.

अक्षयानेही जाळीतून चेंडू सुरेख बाहेर काढला, आणि त्या होलवर दोघींचे फटके सारखेच झाले. खेळ संपला. अक्षयाने दोन्हीकडचे फटके जुळवले. आम्रपाली एका फटक्याने पुढे.

"जिंकलात ताई," अक्षया म्हणाली. डोळे भरले होते पोरीचे, तरी हसत होती. "पण तो शेवटचा फटका! तिथे नुसता दगड आहे, मी सकाळी बघून ठेवलं होतं. मला तर जन्मात जमला नसता. कसा मारलात हो?"

तेवढ्यात चेअरमन लगबगीने आले. "सकपाळ मॅडम, मग पहिल्या तारखेपासून मुख्य शाखेत ना? टेबल तयार ठेवायला सांगतो." पंचांनी कार्ड पुढे केलं, पेन दिलं. तिने पेन घेतलं. सही करायची, बस, एवढंच. रोज शेकडो करते. पेनाचं टोक कागदाला लागलंही होतं.

"मी चेंडू उचलला होता," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हेही तिला कळेना. "शेवटच्या होलवर. दगडावरून उचलून गवतावर ठेवला."

पंचांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कार्डावर दोन फटके वाढवले. अक्षया तिथेच पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. आनंदाने, की कशाने, देव जाणे. चेअरमननी प्रामाणिकपणावर छोटंसं भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ते अक्षयाचा हात हातात घेऊन तिचं अभिनंदन करायला लागले. टाळ्यांचं काय करायचं? त्या घेऊन एसटीत बसायचं, आणखी काय! आम्रपालीला राग आला होता. पंचांचा, चेअरमनचा, त्या मेल्या दगडाचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. जरा गप्प बसली असती तर काय बिघडत होतं?

फाटकापाशी आली तोवर फोन वाजला. जाईबाई.

"काय गो, झालं काय? पोर कधीची विचारतेय."

तिने सगळं सांगितलं. पलीकडे नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कोणी बघितलं होतं?" जाईबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

"मग कशाला सांगितलंस गो?" म्हातारीचा आवाज चिरकला. "माझं वय काय झालं, गुडघे काय झालेत, तुला दिसत नाय? पोर रात्री तुझी जुनी साडी उशाशी घेऊन झोपते. कोणी बघितलं नव्हतं तर कशाला सांगितलंस?"

"सही होईना, आई," आम्रपाली म्हणाली. दुसरं काहीच तिला सुचलं नाही. "खरंच होईना हो."

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"तुझं तूच सांग तिला," जाईबाई म्हणाल्या. "मी नाय सांगायची."

फोन या हातातून त्या हातात गेला.

"आई! आम्ही ना, कपाटातला मधला खण रिकामा केलाय," दीक्षा धापा टाकत म्हणाली. "तुझ्या साड्यांना. माझी सगळी खेळणी पिशवीत भरली. मी एकटीने भरली, आजीने नुसती पिशवी धरली. तू आजच साड्या आणणार?"

आम्रपालीने फाटकाच्या गजाला धरलं.

"ती खेळणी परत खणात लाव हां, बाळा."

"का?"

"साड्या आत्ता नाही आणायच्या, म्हणून." थोड्या वेळाने पलीकडे पिशवी लादीवर उलटी केल्याचा आवाज आला.