टोंट्टूचा हिरवा कौल

शुक्रवारी दुपारी फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या आमच्या कचेरीत पडद्यापुढे झुंबड उडाली होती. हातात कॉफी, तोंडात वेलचीचा पाव, डोळे एका दिव्यावर.

"लागला! हिरवा लागला!"

सलग नवव्या आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटच्या सगळ्या चाचण्या पास!

ही करणी टोंट्टूची, म्हणजे इथल्या लोककथांतल्या, सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, राखण करणाऱ्या लाल टोपीच्या बुटक्याची. एप्रिलमध्ये मी गमतीनं एक लाकडी टोंट्टू चाचणीच्या यंत्रावर बसवला, आणि त्याच आठवड्यापासून लाल दिवा दिसेनासा झाला. शेजारणीच्या राशिभविष्याला हसणारा मी त्याचा पुजारी झालो. कॉफीचा पहिला घोट त्याला, आणि वर गाणं:

सांग रे बुटक्या, दिवा कुठला?
हिरवा, राजा, हिरवा!

"पूर्वी चाचण्यांना चाळीस मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंद! कृपा म्हणतात ती हीच," मी म्हणालो.

"वेइक्को, पुरे तुझं कीर्तन," तूलिक्की म्हणाली. तिला इथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. "तीन वाजता हे अपडेट रुग्णवाहिका केंद्रात जाणार. तिथे फोन माझा भाऊ उचलतो. मला आधी परीक्षा घेऊ दे."

"श्रद्धेची परीक्षा घेतात का, बाई?"

"श्रद्धा राहू दे तुझ्यापाशी. मी दिव्याची घेते."

तिनं मुद्दाम एक मोडकं अपडेट बनवलं, सुरूच न होणारं, आणि चाचणीला लावलं. चाळीस सेकंद. हिरवा!

आमचे प्रमुख राइमो यांनी पाव खाली ठेवला. "काय रे, तुझा देव आंधळा आहे की काय?"

तूलिक्कीनं नोंदी उघडल्या. चालवलेल्या चाचण्या: शून्य. नापास: शून्य.

एप्रिलमध्ये मीच चाचण्या नव्या फोल्डरात हलवल्या होत्या. यंत्र जुन्या, रिकाम्या फोल्डरात शोधत होतं. आणि दिव्याचा रंग ठरवणारी, मी लिहिलेली स्क्रिप्ट एवढंच विचारायची, कुणी नापास झालं का? वर्गात मूलच नाही, तर नापास कोण होणार?

"नऊ आठवडे?" राइमो म्हणाले.

"नऊ."

"आणि तू गात होतास."

"चालीवर."

मी फोल्डरचा पत्ता सुधारला आणि तीन वाजता जाणाऱ्या खऱ्या अपडेटवर चाचण्या पुन्हा लावल्या. चाळीस मिनिटं कुणी कॉफीला हात लावला नाही. मग दिवा लागला, लालभडक. ते अपडेट टाकल्यावर संगणक पुन्हा सुरूच होत नव्हता. राइमोंनी अपडेट रोखलं, आधी पाठवलेली आठही तपासायला काढली. तूलिक्कीनं भावाला फोन लावला, आणि त्यानं उचलल्यावर फक्त विचारलं, "जेवलास का रे?"

आता स्क्रिप्टमध्ये एक नवी ओळ आहे: एकही चाचणी चालली नाही, तर लाल. यंत्र ते एका ओळीत शिकलं, मला नऊ आठवडे लागले. तुमच्याकडेही सगळं सलग छान चाललं असेल, तर हात जोडण्याआधी नोंदी उघडा आणि विचारा, खरोखर तपासलं किती?