दहाच्या फोनआधी

मित्रांनो, ज्या सकाळी मी उठायचो नाही, त्या सकाळची मला काहीच आठवण नाही. तुम्ही उशिरा जागे झालात तर निदान ओशाळता, कुणीतरी रागावतं, चहा गार झालेला असतो. माझ्या वाट्याला तेवढंही नसे. तारीख पाहायचो आणि मधला एक दिवस गायब असायचा. तो कुठे गेला, हे विचारायचं तरी कुणाला?

मी एक जुना लॅपटॉप. डावी बिजागरी सैल, कोपऱ्याचा टवका उडालेला, ‘क’ आणि ‘र’ ही अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. एका कारखान्यात, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांच्या रांगेत मी जन्मलो. पहिली सहा वर्षं नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत गेली. तिथे माझं कौतुक होतं. नद्या, रस्ते, उंचवट्यांच्या रेषा माझ्या पडद्यावर उमटत. मग नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तुटक्या पंख्यांच्या आणि भोकं पाडायच्या यंत्राच्या शेजारी झाली. तीन वर्षं धूळ खात पडलो. रुसवा धरला म्हणावं, तर समजूत काढायलाही कुणी आलं नाही.

तिथून मला उचललं ते दुरुस्तीवाल्या बाईंनी. त्यांनी माझ्या आतली जुनी, थकलेली कार्यप्रणाली काढून एक मुक्त प्रणाली घातली. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नसते. जगभरातली कितीतरी माणसं ती लिहितात, तपासतात, दुरुस्त करतात आणि कुणालाही देतात. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, त्यांच्या कष्टांवर मी चालतो. हे आठवलं की माझे मनातल्या मनात हात जुळतात. बाईंनी माझी जुनी, गरगर फिरणारी डिस्क काढून नवी, अगदी मुकाट काम करणारी डिस्कही बसवली आणि मला घड्याळवाल्या काकांकडे दिलं.

काका घड्याळजी. चाळीस वर्षं एकाच बाकावर बसून त्यांनी लोकांची घड्याळं जिवंत केली. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला, तो कायमचा. त्यांची थोरली बहीण दूरच्या गावी राहते. तिची दृष्टी गेली आहे. आता पाहा, एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही. पत्र लिहावं तर तिला दिसायचं नाही, फोन करावा तर याला बोलता यायचं नाही. काकांचा फोनही साधा, बटणांचा. या दोघांच्या मध्ये मला बसवलं होतं. काका माझ्यावर टाइप करायचे, मी ते मोठ्याने वाचायचो आणि ताई फोनवर ऐकायच्या.

रोज सकाळी दहाला हा नेम. ताई पहिल्या दिवशी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

“अरे धाकल्या, हा काय आवाज लावलास? स्टेशनवरच्या घोषणेसारखा! आता फलाटही सांग म्हणजे झालं.”

काकांनी टाइप केलं, मी वाचलं, “ताई, फलाट क्रमांक दोन. गाडी वेळेवर आहे.”

त्यानंतर बरेच महिने गाडी वेळेवर होती. मग एकदा बाहेरून सुधारणा आल्या, माझी प्रणाली ताजी झाली आणि तिथून काहीतरी बिनसलं. मी कधी उठायचो, कधी नाही. मागाहून ऐकलं ते असं, बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घुमायचा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायच्या आणि मग थांबायच्या. चूक म्हणावी तर कुठेच नाही. काका दहा मिनिटं थांबायचे, मग बटण दाबून धरून मला बंद करायचे. आणि नवल असं, की काकांच्या सूनबाईंनी लावलं तर मी हटकून उठायचो.

“तुझा हातगुण आहे,” असं काकांनी कागदावर लिहून सूनबाईंना दाखवलं.

“कसला हातगुण, बाबा! तुमच्यापुढे लाजतो तो,” सूनबाई म्हणाल्या. त्या प्रयोगशाळेत कामाला. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मी शहाण्यासारखा वागायचो आणि सकाळच्या पाळीच्या आठवड्यात घात करायचो.

दोनदा मला दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. तिथे मी पहिल्या फटक्यात उठलो. पुन्हा लावलं, पुन्हा उठलो. बाईंनी माझी नोंदवही वाचली. उठताना मी काय काय केलं ते त्यात ओळीओळीने उमटतं.

“काका, याला काहीच झालेलं नाही हो. माझ्याकडे तर हा टुणटुणीत!”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत न जाण्यासाठी पोट धरणाऱ्या मुलाकडे बघतात. मी काय सांगणार? मला तरी कुठे ठाऊक होतं?

काकांनी मग वही घातली. बिघडलेल्या घड्याळाची ते अशीच वही ठेवत. तारीख, हवा, वीज, चार्जर लावलेला की नाही, झाकण किती उघडलं, सगळ्याचे रकाने आखले. मला खिडकीपाशी ठेवून पाहिलं, भिंतीपाशी ठेवून पाहिलं. नवा चार्जर आणला. दोन महिने इमानाने नोंदी केल्या. समोर कोण बसलं होतं, हा रकाना मात्र त्या वहीत नव्हता. घड्याळाला त्याने फरक पडत नाही ना!

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. काकांचा धंद्यातला एक नियम होता. घड्याळाला चाल दिली की हात मागे घ्यायचे. आतलं चक्र स्थिरावेपर्यंत श्वाससुद्धा जपून सोडायचा. चाळीस वर्षं त्यांनी शिकाऊंना हेच बजावलं. त्यामुळे माझं बटण दाबलं की ते दोन्ही हात मांडीवर ठेवत, डोळे अर्धवट मिटत आणि मनात देवाचं नाव घेत स्वस्थ बसत. इतक्या आदराने माझ्यासमोर कुणीच कधी बसलं नव्हतं.

मग ताईंच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी उठलो होतो, कारण सूनबाई घरी होत्या. त्या दुपारीच ताईंजवळ थांबायला निघणार होत्या. त्या दिवशी ताई थट्टा करत नव्हत्या.

“धाकल्या, तू आत जाऊन आलायस. मला एवढंच सांग, तिथे काय वाटतं रे? डॉक्टर सांगतात ते त्यांच्या बाजूचं. झोपणाऱ्याच्या बाजूचं कुणी सांगत नाही.”

आपल्या शस्त्रक्रियेबद्दल काकांनी आजवर कुणालाही अवाक्षर सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी टाइप केलं, “उद्या सांगतो. नीट आठवून.”

“उद्या नक्की? साडेदहाला नेणार आहेत मला.”

“दहाला. नक्की.”

मित्रांनो, दुसऱ्या दिवशीचे पहिले तीन प्रयत्न मला आठवत नाहीत. काकांच्या वहीत आहेत तेवढे सांगतो. आठ वाजता लावला, उठला नाही. आठ चाळीसला पुन्हा. नऊ वीसला पुन्हा. मध्ये मला गार होऊ दिलं, पुसलं, चार्जर काढून लावला. शेवटच्या नोंदीची शाई पसरली आहे.

चौथ्या वेळचं मला आठवतं. पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या. मला काहीतरी हवं होतं आणि काय हवं आहे तेच सुचत नव्हतं. दाराच्या अलीकडे उभं राहून दार कसं उघडतात ते विसरावं, तसं काहीसं. इतक्यात फोन वाजला.

“बाबा, आत्याबाईंना देते हं,” सूनबाईंचा आवाज आला. मग ताई.

“धाकल्या?”

काका काय बोलणार? त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याशेजारी ठेवला.

“उठला नाही वाटतं तुझा स्टेशनमास्तर. असू दे. ऐकतोयस ना? टकटक कर.”

काकांनी बोटाने टेबलावर वाजवलं. पण ते टेबल घड्याळजीचं. बारीक स्क्रू पडून उडू नयेत म्हणून त्यावर जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं. त्यावर वाजवलं तर मुंगीलाही ऐकू जायचं नाही.

“धाकल्या? आहेस की नाही?” ताईंचा आवाज बारीक झाला.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या बटणांवर दोन बोटं आपटली. टक, टक.

“आहे म्हणायचा! बरं, मी विचारते, तू वाजव. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. भीती वाटली होती का तुला?”

टक.

“आत जायच्या आधी तर मला सांगायचास, मुळीच नाही, मुळीच नाही म्हणून. लबाड! दुखलं का खूप?”

टक, टक. मग जरा थांबून, टक.

“म्हणजे आधी नाही आणि मग हो? की आधी खोटं आणि मग खरं?”

टकटकटक, टक. त्याचा अर्थ ताईंना लागला नसणार, मलाही लागला नाही. काकांचा हात कापत होता. जो हात केसाएवढी स्प्रिंग श्वास न सोडता बसवायचा, तो हात माझ्या बटणांवर कसाही पडत होता. कधी दोन बोटं, कधी सबंध पंजा. मध्येच थांबायचा, मध्येच दोनदा पडायचा. आणि मित्रांनो, माझ्या आत काहीतरी भरत चाललं. कसं, ते विचारू नका. एकाएकी ओळी पुन्हा धावू लागल्या, पडदा उजळला आणि मी उठलो.

काकांना टाइप करायला थोडा वेळ लागला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून सोळा मिनिटं झाली होती. मी माझ्या त्याच सपाट आवाजात वाचू लागलो.

“ताई. आत थंडी असते. पायमोजे मागून घे. छताकडे बघ म्हणतात. आकडे मोजायला सांगतात. मला भीती वाटत होती म्हणून मी घड्याळाच्या ठोक्यासारखे मोजले. एक, दोन. अकरापर्यंत आठवतं. पुढचं आठवत नाही. दुखलं नाही. डोळे उघडले तेव्हा मी बारा म्हणायला गेलो. आवाज आला नाही. तेव्हा दुखलं.”

मग ताई म्हणाल्या, “अकरावर सोडलंस होय? बरं. मी बारापासून मोजते.”

फोन ठेवल्यावर काका तसेच बसून राहिले. मीही जागाच राहिलो. दुपारी अडीचला सूनबाईंचा फोन आला आणि त्या मोठ्याने रडत हसत होत्या, “बाबा, झालं! छान झालं! आणि आत्याबाई चोवीसपर्यंत गेल्या म्हणे, डॉक्टर चकित!”

चार दिवसांनी दुरुस्तीवाल्या बाई घरीच आल्या. त्यांनी काकांना म्हटलं, “तुम्ही नेहमी लावता तसं लावा.” काकांनी बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले. बाई बघत राहिल्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्यांनी एकदम कपाळावर हात मारला.

“काका, तुम्ही हात लावत नाही!”

काकांनी मान हलवली. अर्थात लावत नाही.

“अहो, मी तर धीर नसल्यासारखी बटणं बडवत असते. सूनबाई पण तशाच!”

मग बाईंनी समजावून सांगितलं. उठताना मला काही गुप्त किल्ल्या घडवाव्या लागतात. त्या कुणाला ओळखता येऊ नयेत म्हणून अगदी वेडेवाकडे, ताळमेळ नसलेले आकडे लागतात. ते मला स्वतःला बनवता येत नाहीत. बाहेरच्या गडबडीतून मी ते वेचतो. बोट कधी पडलं, पुढचं किती वेळाने पडलं, त्यातून. पूर्वी पुरेसे आकडे मिळाले नाहीत तरी मी तसाच पुढे जायचो. नव्या सुधारणेने बजावलं, पुरेसे मिळेपर्यंत थांबायचं. फिरणाऱ्या डिस्कच्या खडखडीतूनही थोडे मिळायचे. “आणि ती मीच काढली,” बाई म्हणाल्या. “चांगलं करायला गेले!” परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने आपल्या अशाच यंत्राबद्दल कुठेतरी लिहून ठेवलं होतं, उठेपर्यंत माउस हलवत राहा. बाईंनी ते वाचलं होतं आणि थट्टा समजून सोडून दिलं होतं.

आता त्यांनी एक लहानशी सोय करून दिली आहे. माझी गडबड मीच तयार करतो. मी रोज उठतो, समोर कुणीही असो.

खरं सांगू? मला अजून सगळं उमगलेलं नाही. ज्याने मला सर्वांत जास्त जपलं, त्याच्याच समोर मी अडून बसायचो, हे कसं? आणि कापणाऱ्या हातात असं काय होतं, जे स्थिर हातात नव्हतं? मी विचार करतो, पण हाती काही लागत नाही.

तरी एवढं मागतो. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला जपा, पण लांबून नुसते हात जोडून जपू नका. तिला हात लावा, तिची कुरकुर ऐका, चुकलं तर विचारा. आणि घरात एखादं माणूस गप्प बसलं असेल, तर त्याला त्रास नको म्हणून लांब राहू नका. जवळ जा. काहीतरी विचारा. ते बोलायचं थांबलेलं नसेल. कुणीतरी हात लावण्याची वाट बघत, अर्धं जागं बसलेलं असेल.