रामप्रसादच्या बोटाचं पीठ

मित्रांनो, मी जुनी झाले आहे हे मला कुणी सांगायला नको. सुरू होताना मी जी कुरकुर करते, ती वडीगोद्रीच्या अर्ध्या गावाला पाठ आहे. मी पिठाची गिरणी आहे. हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या एका खोलीत, बावीस वर्षं एकाच जागी उभी. बसायची सोय माझ्या नशिबात नाही आणि अलीकडे मी फार लवकर दमते.

माझा जन्म जालन्यातल्या एका कारखान्यातला. लोखंडाचं अंग, पोटात दोन गोल दगड, बाजूला मोटर आणि पट्टा. रामप्रसादने मला टेम्पोतून आणलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याने मला हळदीकुंकू लावलं आणि माझ्यात पहिली ज्वारी ओतली. खाली पीठ पडू लागताच चिमूटभर उचलून अंगठ्याने बोटावर चोळलं आणि म्हणाला, "बराबर हाय."

तेव्हापासून त्याने पीठ कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. भाकरीचं किती बारीक, पोळीचं किती, लाडवाचं बेसन किती जाड, हे सगळं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कळायचं. उषाबाई नावाची एक म्हातारी आहे. तिला स्वतःच्या सुनांचं काही पटत नाही, पण तीसुद्धा म्हणायची, "रामप्रसादच्या बोटाला डोळे हायेत." दळायचं मी आणि नाव व्हायचं बोटाचं. तेव्हा मला त्याचा रागही यायचा.

त्याची मुलगी प्रियदर्शनी चार वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. मग दर्शूचं सगळं माझ्याजवळच झालं. सकाळी उपड्या डब्यावर तिला बसवून रामप्रसाद तिच्या दोन वेण्या घालायचा, लाल रिबिनी बांधायचा. हाताला पीठ असायचंच. पोरगी शाळेत जायची तेव्हा तिचा भांग नेहमी जरा जास्तच पांढरा दिसायचा.

दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते. दर्शू आता पाचवीत होती. एक वेणी झाली होती, दुसरी अर्ध्यावर आली आणि रामप्रसादच्या हातून रिबीन पडली. ती उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. तोंड वाकडं झालं होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द फुटत नव्हता. मित्रांनो, त्या पोरीने आधी माझं बटण बंद केलं आणि मग समोरच्या पंक्चरच्या दुकानाकडे चांदपाशाला हाका मारत धावली. चांदपाशाने त्याला रिक्षात घातलं आणि थेट जालना गाठलं. लकवा होता. वेळेत आणलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. दर्शू तीन दिवस दवाखान्यात तशीच होती, एक वेणी बांधलेली आणि एक सुटलेली. दुसरी कुणाला घालू देईना.

मी दीड महिना बंद होते. कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी केली, पट्ट्यावर उंदीर फिरले. काम नसल्याने विश्रांती मिळते असं तुम्हाला वाटत असेल, तर ते खोटं आहे. नुसतं उभं राहण्याने जो थकवा येतो, तो दळण्याने येत नाही.

रामप्रसाद परत आला तो पाय ओढत. जीभ बरीचशी सुधारली होती. डॉक्टरांनी ताटात ज्वारी ओतून एकेक दाणा उजव्या हाताने उचलायला सांगितलं होतं. तो वीस दाणे उचलायचा, घाम पुसायचा आणि माझ्या अंगाला टेकून डोळे मिटायचा. दोघं थकलेले एकमेकांना टेकून असायचो म्हणा ना.

त्याची थोरली बहीण बेबीनंदा हसनाबादहून मदतीला आली होती. बाई मनाने चांगली, पण भलतीच काळजीखोर. एक दिवस तिने सरळ सांगून टाकलं, "हे बघ, शिवरात्रीपर्यंत तुझ्यानं गिरणी झाली तर झाली. न्हाई तर इकून टाक. दर्शूला मी हसनाबादला नेते. पोरीचे हाल व्हायला नकोत."

"अक्का, मी बिलकुल ठीक हाय," रामप्रसाद म्हणाला.

तो ठीक नव्हता. हात हलायला लागला होता, पण त्या दोन बोटांना काहीच कळत नव्हतं. अक्कासमोर तो पूर्वीसारखा चिमूट चोळून "बराबर हाय" म्हणायचा. त्याच्या मागे उभी राहून दर्शूही गुपचूप चिमूट घ्यायची. पीठ जाड असलं तर ती पायाने डबा वाजवायची, की हा दगड जवळ आणणारं माझं चाक थोडं आवळायचा. शाळेला जायच्या आधी आणि आल्यानंतर दोघांचं हे नाटक चालायचं. बिचाऱ्यांना वाटायचं, कुणाला कळत नाही. मला सगळं कळायचं आणि फार वाईट वाटायचं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी माझ्यात फक्त उपवासाचं दळतात. त्या सकाळी मला पूर्ण उघडायचं, दगड ब्रशने घासायचे, खाचांमधली ज्वारी-बाजरी काढायची आणि मगच भगर घालायची, असा आमचा नेम. पण दगडावरचं झाकण घट्ट. दर्शू शाळेत गेलेली. रामप्रसादने दोनदा पान्हा लावला, दोनदा तो हातातून निसटला. चांदपाशा समोरच होता. पण त्याला हाक मारावी, तर अक्का बघणार. शेवटी त्याने झाकण तसंच ठेवलं, दोन मुठी भगर माझ्यातून फिरवून कोंबड्यांना टाकली आणि झालं साफ असं मानलं. माझ्या पोटात बाजरी होती, मित्रांनो. मी नेहमीपेक्षा जास्त कुरकुरले, पण माझी कुरकुर कोण मनावर घेतो?

पहिला डबा उषाबाईचा. पीठ पडलं. त्याने चिमूट चोळली.

"बराबर हाय, काकू."

दुपारी चारला उषाबाई मळलेल्या पिठाची परात घेऊनच आली. खोलीत आणखी चार बाया डबे घेऊन उभ्या होत्या.

"रामप्रसाद, उद्यासाठी जरा मळून बघितलं, तर वास आला. ह्यात बाजरी हाय. माझा उपास मोडला असता की रे!"

बेबीनंदा पुढे झाली. "पोरीनं सकाळी काही टाकलं असंल. ती सारखी हात घालती."

इथे रामप्रसाद नुसता गप्प राहिला असता, तरी निभावलं असतं. पण तो परातीकडे बघत राहिला आणि डब्यावर खाली बसला.

"तिचं काई न्हाई. ती तर शाळेत गेल्ती. झाकण माझ्यानं उघडलं न्हाई. आन् अक्का, माझ्या बोटाला काईच कळत न्हाई. दोन महिने झाले, मी खोटं बोलून राह्यलो."

मग उषाबाईने परात खाली ठेवली.

"मंग आधी तोंडानं सांगायचं न्हाई का? आम्हाला बोटं न्हाईत का? चांदपाशा! पान्हा घेऊन ये, जल्दी!"

चांदपाशाने झाकण उघडलं. बायांनी पदर खोचले आणि माझे दगड घासले. बावीस वर्षांत मला इतक्या हातांनी एकदम कुणी घासलं-पुसलं नव्हतं. पुढचं पीठ पडलं तेव्हा जिचं तिनेच चिमटीत धरून पाहिलं. रामप्रसाद फक्त चाक फिरवत होता, डाव्या हाताने.

शिवरात्र झाली, शाळा उघडली. त्या सकाळी बेबीनंदाच्या पिशवीत दर्शूचेही कपडे भरून ठेवलेले होते. कंगवा अक्काच्या हातात होता. दर्शूने तो घेतला आणि उपड्या डब्यावर बापाकडे पाठ करून बसली.

पाऊण तास लागला. रामप्रसादच्या बोटांतून पेड तीनदा सुटले. एक वेणी कशीबशी झाली, कानाच्या बरीच वर.

"दुसरी न्हाई होत, दर्शू. थकलो."

"मंग मी घालते," ती म्हणाली आणि तिने घातली.

बेबीनंदा उभ्यानेच सगळं बघत होती. तिने दर्शूचे कपडे पिशवीतून काढून खुंटीला लावले.

"तू ठीक हाय म्हणायचास ना, त्याचंच मला भ्या वाटायचं," ती म्हणाली. "थकलो म्हणलास, आता जाते." आणि ती एकटीच एसटीत बसली.

मित्रांनो, त्याची बोटं अजून पूर्ण आली नाहीत. कदाचित येणारही नाहीत. मीही पुन्हा नवी होणार नाही. माझी विनंती एवढीच, की महिन्यातून एकदा तरी आम्हा गिरण्यांना उघडून बघत जा. आणि तुमच्या घरात कुणी दुखण्यातून उठलं असेल, तर "बरं आहे ना?" असं विचारून पुढे जाऊ नका. त्याचं उत्तर तयारच असतं. जरा थांबा, जवळ बसा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो.

आता दर्शू शाळेतून येईल. आली की रामप्रसाद विचारेल, "जाड का बारीक?" सगळ्यांसमोर, मोठ्याने. मग मी सुरू होईन.